घाट चढून गेलेली फौज

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दरूप)



वडगावला इंग्रजांचा पराभव झाला आणि त्यांना मानहानीचा तह करावा लागला, एवढं एक वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. परीक्षेत त्याला एक गुण. पुढच्या धड्यात सालबाईचा तह येतो, त्यालाही एक गुण. मी करंजाचा माणूस असल्यामुळे या दोन वाक्यांच्या मधली जागा मला फार दिवस खुपत होती. कारण या दोन्ही तहांत आमच्या बेटाचं नाव आहे. पहिल्या तहात ते मराठ्यांना परत मिळालं. दुसऱ्या तहात ते इंग्रजांकडे राहिलं. लढाई जिंकली मराठ्यांनी, मग बेट राहिलं कुणाकडे? आणि का?

आधी बेटाविषयी थोडं सांगतो. आता करंजा हे बेट आहे असं कुणाला सांगितलं तर हसतील. रस्ते आले, रेल्वे आली, पलीकडे जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं बंदर झालं, खाड्या भरल्या गेल्या. पण पूर्वी हे खरंखुरं बेट होतं. एका टोकाला उरण, दुसऱ्या टोकाला करंजा गाव, मध्ये द्रोणागिरीचा डोंगर आणि सखल भागात मिठागरं. इंग्रजी अमदानीतल्या कागदांत उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा म्हणून येतो. कोळी, आगरी, कराडी, आमच्यासारखी काही मुसलमान घरं, पोर्तुगीज काळापासूनचे काही ख्रिस्ती, अशी इथली वस्ती. धंदे दोनच, मासळी आणि मीठ.

एवढ्याशा बेटाचं कुणाला काय पडलंय, असं वाटेल. पण नकाशा उघडून पाहा. मुंबई बंदराच्या तोंडाशी, पूर्वेच्या अंगाला हे बेट आहे. त्याच्या उत्तरेनं पनवेलच्या खाडीकडे जाता येतं आणि दक्षिणेनं, म्हणजे करंजा आणि रेवस यांच्या मधून, धरमतरच्या खाडीत शिरून पाताळगंगेनं थेट आपट्यापर्यंत. घाटावर जाणारा माल आणि घाटावर चढणारी फौज, दोघांनाही या पाण्यातूनच जावं लागे. मुंबईत बसलेल्या कंपनी सरकारला साष्टी, घारापुरी आणि करंजा ही बेटं हवी होती ती यासाठी. ही त्यांची फार जुनी हाव. पोर्तुगीज असताना मिळाली नाहीत. मग चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ती मराठ्यांनी घेतली. इंग्रज वाट पाहत बसले.

ती संधी त्यांना पुण्यातल्या एका खुनानं दिली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं. काका रघुनाथराव गादीवर बसले. पण एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई पुरंदरावर प्रसूत झाल्या, मुलगा झाला, आणि नाना फडणीस, सखारामबापू बोकील वगैरे बारभाईंनी त्या चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रं मिळवून दिली. रघुनाथराव इंग्रजांच्या दाराशी गेले. इंग्रजांनी बोलणी चालू असतानाच, कराराची वाट न पाहता, डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला केला. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी खबर होती, तिचं निमित्त पुरलं. ठाणं पडलं, साष्टी गेली आणि त्याच धामधुमीत करंजाही गेलं. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला, त्यात रघुनाथरावांनी ही सगळी बेटं इंग्रजांना लिहून दिली. घेतलेलं आधी, लिहून दिलेलं नंतर.

त्यानंतरचा तीन वर्षांचा घोळ मी भरभर सांगतो. कलकत्त्याच्या सरकारनं मुंबईचा तह नामंजूर केला, कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरला नवा तह केला. मुंबईकरांनी तो मनापासून मानला नाही. रघुनाथराव त्यांच्याच आसऱ्याला राहिले. पुण्यात सँ ल्यूबाँ नावाचा एक फ्रेंच गृहस्थ येऊन बसला, फ्रेंच फौजेची आमिषं दाखवू लागला, आणि बदल्यात चौलच्या बंदरावर डोळा ठेवू लागला. नानांनी त्याला खेळवत ठेवलं. इंग्रजांच्या पोटात गोळा आला.

तो का आला, हे समजून घ्यायला थोडं लांब जावं लागेल, अगदी अमेरिकेपर्यंत. तिथल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं होतं. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा इथं जनरल बर्गॉईन नावाच्या इंग्रज सेनापतीला आपल्या फौजेसह शरण जावं लागलं. ते पाहून फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सनं अमेरिकनांशी उघड करार केला. फ्रान्स आणि इंग्लंड पुन्हा एकमेकांच्या छातीवर. ही बातमी जुलै १७७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली आणि वॉरन हेस्टिंग्जनं दोनतीन दिवसांत चंद्रनगर ताब्यात घेतलं. पुण्यात फ्रेंच माणूस बसलाय, उद्या चौलला फ्रेंच जहाजं लागतील, ही भीती आता पोकळ राहिली नाही. न्यूयॉर्कच्या जंगलातली एक शरणागती आणि आमच्या खाडीतली होडी, यांच्यात असा धागा आहे. मी भूगोलाच्या तासाला झोपत असे, पण हा धागा कळला असता तर बहुधा जागा राहिलो असतो.

हेस्टिंग्जनं बंगालची एक फौज जमिनीच्या वाटेनं मुंबईच्या मदतीला पाठवली. ती मे १७७८ मध्ये काल्पीहून निघाली. तिचा पहिला सेनापती लेस्ली बुंदेलखंडातच रेंगाळला आणि तिथंच ऑक्टोबरात वारला. मग गोडार्ड आला आणि फौज चालू लागली. मुंबईच्या गव्हर्नराचं नाव हॉर्नबी. त्याला आणि त्याच्या मंडळींना बंगालची मदत हवी होती, पण यशात वाटेकरी नको होता. गोडार्ड येण्याआधीच आपण रघुनाथरावांना पुण्यात नेऊन बसवू, असा त्यांचा विचार.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. १७७८ च्या सुरुवातीला पुण्यात खरोखरच रघुनाथरावांचा एक पक्ष होता. नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस त्याचे पुढारी. काही दिवस त्यांनी कारभारही हाती घेतला, आणि मुंबईकडे निरोपही गेले. तेव्हा फौज निघाली असती तर काय झालं असतं कोण जाणे. पण मुंबईत चर्चा चालली, आणि जुलै १७७८ मध्ये महादजी शिंद्यांच्या बळावर नानांनी मोरोबांना कैद केलं. पक्ष मोडला. मुंबईची फौज निघाली नोव्हेंबरात. म्हणजे ज्यांच्या भरवशावर जायचं, ते चार महिने आधीच तुरुंगात.

आता ती फौज पाहू. एकूण माणसं सुमारे ३,९००. त्यांत गोरे सहाशेच्या आतबाहेर, बाकी सगळे इथलेच शिपाई आणि खलाशी. सेनापती कर्नल एगर्टन. पण त्याच्या डोक्यावर एक समिती. स्वतः एगर्टन, जॉन कार्नाक आणि टॉमस मॉस्टिन असे तिघे मिळून निर्णय घेणार. मॉस्टिन पूर्वी पुण्यात कंपनीचा वकील होता, तिथली माणसं ओळखत होता. तो वाटेतच आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. राहिले दोघे, आणि त्या दोघांचं पटत नव्हतं. लग्नघरात दोन मामा असले की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

२२ नोव्हेंबर १७७८ रोजी कॅप्टन जेम्स स्टुअर्ट सहा कंपन्या घेऊन मुंबईहून होड्यांनी निघाला आणि दुसऱ्या दिवशी आपट्याला उतरला. आपट्याची वाट म्हणजे करंजाच्या खाडीची वाट. आमच्या गावानं ती गलबतं पाहिली असणारच. नोव्हेंबरात इकडे मासळी सुकत घातलेली असते, किनाऱ्यावर माणसं असतात. स्टुअर्टनं २५ तारखेला बोरघाट धरला. अडवायला कुणी नव्हतं. त्याच सुमारास मागची फौज पनवेलला उतरली.

पनवेलहून खंडाळा आज तासाभराचं अंतर. ती सगळी फौज खंडाळ्याला पोहोचली २३ डिसेंबरला, म्हणजे चार आठवड्यांनी. तोफा घाटातून ओढून न्यायच्या होत्या हे खरं. पण मुख्य कारण होतं सामान. या ३,९०० माणसांबरोबर १९,००० बैल होते. आकडा मी पुन्हा सांगतो, १९,०००. माणशी जवळजवळ पाच बैल. मी एकदा कागदावर हिशेब केला. दोन-दोन बैल जोडीनं चालले आणि एका जोडीला तीन मीटर जागा धरली, तर रांग २८ किलोमीटरांहून लांब होते. खंडाळ्याहून तळेगाव रेल्वेनं चौतीस किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे पहिला बैल तळेगावच्या शिवारात शिरायला आला तरी शेवटचा अजून लोणावळ्याच्या आसपास. अर्थात प्रत्यक्षात ते असे शिस्तीत चालले नसणार, माळरानावर पसरून चालले असणार. पण पसरले म्हणजे चरायला गवत लागणार, प्यायला पाणी लागणार, आणि राखायला माणसं लागणार.

आणि गवत नव्हतं. मराठ्यांनी ते जाळून टाकलं होतं.

वडगावच्या लढाईची गोष्ट सांगताना आपण महादजींच्या घोडदळाचं वर्णन करतो, भिवराव पानश्यांच्या तोफांचं करतो. ते योग्यच आहे. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके असे मोठे सरदार होते आणि फौज पन्नास हजारांच्या घरात सांगतात. पण माझ्या मते निम्मी लढाई त्या जळक्या गवतानं जिंकली. गावं रिकामी केली, गंजी पेटवल्या, आणि इंग्रज पुढे आलेच तर पुणंसुद्धा जाळून टाकायचं ठरवून शहरातली माणसं हलवली. स्वतःचं शहर जाळायची तयारी ठेवणं, याला काळीज लागतं. आणि ज्यांची घरं होती त्यांना कुणी विचारलं होतं का, हाही प्रश्न मनात येतोच. मावळातल्या त्या शेतकऱ्यांची नावं कुठल्या बखरीत नाहीत.

फौज खंडाळ्याहून पुढे सरकली ती दिवसाला सरासरी दोन किलोमीटर. खंडाळ्याला २३ डिसेंबर आणि तळेगावला ९ जानेवारी, म्हणजे सतरा दिवस. रोज दोन्ही अंगांनी मराठ्यांच्या तुकड्या येत, तोफा डागत आणि निघून जात. या चकमकींत लेफ्टनंट कर्नल के जबर जखमी झाला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. तो झाडावर चढून दुर्बिणीनं पाहत होता आणि तिथंच गोळा लागला असं लोक सांगतात.

हा स्टुअर्ट म्हणजेच आपला इष्टुर फाकडा. मराठ्यांनी त्याला ही पदवी दिली. कोन्हेरराव एकबोटे फाकडे, मानाजी शिंदे फाकडे, त्यांच्या पंगतीला हा शत्रूकडचा इष्टुर. शूर माणूस शूर, मग तो कुणीकडचाही असो, हा दिलदारपणा त्या काळात होता. वडगावला त्याचं थडगं आहे आणि लोक त्याला मानतात, नवस बोलतात. कवी म्हणून मला त्याच्या नावाचं नवल वाटतं. स्टुअर्टचा इष्टुर होताना त्या नावात इष्ट हा शब्द आपसूक येऊन बसला. परक्याला जिभेवर घोळवून घरचा करण्याची ही मराठीची जुनी खोड आहे. या सगळ्या कहाणीतले शब्द पाहा ना. फौज, कूच, मुक्काम, फितूर, मोहीम, हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. सिपाहीचा आपण शिपाई केला. मराठे इंग्रजांशी लढले, आणि लढाईचं वर्णन बखरकारांनी केलं ते या शब्दांनी. कुणाला ते परके वाटले नाहीत. मलाही वाटत नाहीत.

एक मात्र खुपतं. इष्टुर फाकड्याला थडगं मिळालं, नैवेद्य मिळाला. त्याच्या हाताखालचे जे शिपाई पडले, ते कोकणातले, देशावरचे, हिंदू-मुसलमान, त्यांना काय मिळालं? कंपनीच्या पगाराच्या चार-सहा रुपयांसाठी ते आपल्याच मुलखात, आपलीच भाषा बोलणाऱ्यांविरुद्ध बंदूक घेऊन उभे होते. त्यांना देशद्रोही म्हणायला माझी जीभ धजत नाही. देश या शब्दाचा आजचा अर्थ तेव्हा घडायचा होता. पण त्यांच्या घरी खबर कशी गेली असेल, कोण घेऊन गेलं असेल, हे मी पुष्कळदा मनाशी रंगवतो.

तर ९ जानेवारीला फौज तळेगावात पोहोचली. एगर्टन आजारी झाला होता, सूत्रं लेफ्टनंट कर्नल कॉकबर्नकडे होती. गाव ओस, जळलेलं. पुणं तिथून नऊ कोसांवर. रघुनाथरावांनी सांगितलं होतं की आपण घाट चढलो की सरदार येऊन मिळतील. एकही आला नाही. होळकर येतील अशी आशा होती, ते समोरच्या बाजूला उभे. पुढं जावं तर पुणं पेटवलं जाणार, राहावं तर दाणावैरण नाही.

इथं मला दक्षिण अमेरिकेतल्या दोन मोहिमा आठवतात. मिरांदा नावाचा एक क्रांतिकारक होता, व्हेनेझुएलाचा. स्पेनच्या राज्याविरुद्ध आपण किनाऱ्यावर उतरलो की सारा देश उठेल, अशी त्याची खात्री. १८०६ च्या ऑगस्टमध्ये तो कोरो गावात शिरला, तर गाव रिकामं. माणसं घरं सोडून निघून गेली होती. ज्यांना सोडवायला आलो तेच नाहीत. दहाएक दिवस वाट पाहून तो परत जहाजावर चढला. दुसरा बेल्ग्रानो. ब्यूनस आयर्सच्या क्रांतिकारकांनी त्याला पराग्वेत पाठवलं, तिथले लोक आपल्याला मिळतील या हिशेबानं. मिळाले नाहीत, उलट लढले. जानेवारी १८११ मध्ये पॅराग्वारीला आणि मार्चमध्ये टाक्वारीला तो हरला. रघुनाथरावांना मी या दोघांच्या तोलाचं मानत नाही. ते दोघे स्वातंत्र्यासाठी निघाले होते, दादासाहेब गादीसाठी. पण ‘आपण गेलो की लोक येऊन मिळतील’ हा हिशेब तिघांचाही एकच आणि निकालही एकच. बाहेरून फौज घेऊन येणाऱ्यासाठी कुणी दार उघडत नाही. शिवाय रघुनाथरावांच्या बाबतीत, ज्यांनी उघडलं असतं ते मोरोबा कैदेत होते, हे मघाशी सांगितलंच.

११ जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमारास इंग्रजांनी माघार घेतली. जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, धान्याचे साठे जाळले. ज्या धान्यासाठी एवढे बैल आणले, ते आपल्याच हातानं जाळावं लागलं. चोरपावलांनी निघायचा बेत होता. पण इतका मोठा तळ अंधारात हलतो तेव्हा चोरून हलत नाही. पहाटे दोनच्या सुमाराला मराठे तुटून पडले. पिछाडीला कॅप्टन हार्टले होता, त्याच्या शिपायांनी दिवसभर हल्ले परतवले. तो नसता तर बहुधा तहाची वेळच आली नसती, सगळंच संपलं असतं. कशीबशी फौज १२ तारखेला वडगावात शिरली. एवढ्या मजलेत साडेतीनशेहून अधिक माणसं मेलेली, जखमी किंवा बेपत्ता. त्यांत पंधरा गोरे अधिकारी.

दुसऱ्या दिवशी वडगावच्या भोवती तोफा सुरू झाल्या. हार्टलेचं म्हणणं होतं, अजून लढत घाटापर्यंत जाता येईल. कॉकबर्न म्हणाला, शक्य नाही. समितीचा चिटणीस फार्मर याला बोलणी करायला पाठवलं. नानांची पहिली मागणी, रघुनाथराव आमच्या हाती द्या. दादासाहेबांनी मात्र आधीच महादजींशी संधान बांधलं होतं, ते त्यांच्या स्वाधीन झाले.

१६ जानेवारी १७७९ रोजी तह झाला. १७७३ पासून इंग्रजांनी घेतलेला सगळा मुलूख परत करायचा. साष्टी, ठाणं आणि उरण, म्हणजे आमचं करंजा, हे सगळं त्यात आलं. बंगालची फौज आहे तिथून परत पाठवायची. भडोचच्या उत्पन्नातला हिस्सा शिंद्यांना द्यायचा. शिवाय शिंद्यांच्या नोकरांना ४१,००० रुपये बक्षीस. ओलीस म्हणून फार्मर आणि चार्ल्स स्टुअर्ट नावाचा एक लेफ्टनंट राहिले. मग मराठ्यांनी वाट दिली, आणि फौज घाट उतरून गेली.

जानेवारीची १६ आणि १७ तारीख आमच्या उरण भागात आणखी एका कारणासाठी पाळली जाते. १९८४ साली याच दोन दिवशी, नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं पडली. दि. बा. पाटलांनी तो लढा उभा केला होता. साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याची योजना पुढे त्यातूनच आली. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, तारखांचा योगायोग आहे. पण इथली जमीन कुणाची याचा निकाल कागदावर एक आणि मातीवर दुसरा लागतो, हा अनुभव इथल्या माणसाला नवा नाही, म्हणून आठवण झाली.

वडगावच्या कागदाचंही तेच झालं. बोलणी चालू असतानाच इंग्रज सांगत होते की कलकत्त्याच्या मंजुरीशिवाय तह करायचा अधिकार आम्हाला नाही. मराठ्यांना ते बहाणे वाटले. मग सुटका व्हावी म्हणून कार्नाकनं सही केली, आणि मनात ठरवूनच केली की हे पाळायचं नाही. घाट उतरल्यावर समितीनं पहिलं काम केलं ते बंगालच्या फौजेला परत जाण्याचा पाठवलेला हुकूम मागे घेण्याचं. गोडार्डनं ते ओळखलंच होतं. बऱ्हाणपुराहून वीस दिवसांत दौडत तो फेब्रुवारीच्या अखेरीस सुरतेला आला. मुंबईनं तह नाकारला, कलकत्त्यानंही नाकारला. साष्टी परत दिली नाही, करंजा दिलं नाही. एगर्टन, कॉकबर्न, कार्नाक तिघांना कंपनीनं नोकरीतून काढलं, हार्टलेला बढती दिली. माणसं बदलली, बेटं ठेवली.

साराटोगालाही असाच करार झाला होता. तिथं शरण आलेल्या इंग्रजांना मायदेशी जाऊ द्यायचं ठरलं होतं, आणि अमेरिकन काँग्रेसनं ते पाळलं नाही. फौज वर्षानुवर्षं अडकवून ठेवली. इथं जिंकलेल्यांनी फौज सोडली आणि हरलेल्यांनी शब्द मोडला. अमेरिकनांचं वागणं नीतीला धरून नव्हतं. पण हातातली फौज हाच खरा तारण असतो, कागद नव्हे, हे त्यांना कळलं होतं. महादजी आणि नाना दोघेही कमी धूर्त नव्हते. मग त्यांनी ३,९०० मधले उरलेले सगळे का सोडले? रघुनाथराव हाती आले की घरचं भांडण मिटलं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्या दृष्टीनं मुख्य शत्रू घरातला होता. इंग्रज हे मुंबईचे व्यापारी, वेळ आली की पुन्हा पाहता येईल. दोन ओलिसांच्या बदल्यात साष्टी येईल, हा हिशेब मात्र मला समजत नाही. आधी ठाणं आणि करंजा खाली करा, मग घाट उतरा, असं म्हणता आलं असतं. घाटाची किल्ली त्या दिवशी आपल्या हातात होती. आणि रघुनाथरावसुद्धा हातात राहिले नाहीत. बुंदेलखंडाकडे नेत असताना वाटेतून निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले.

लढाई आणखी तीन वर्षं चालली. डिसेंबर १७८० मध्ये गोडार्डनं वसई घेतली. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्यानंही बोरघाट धरला, आणि त्याचीही तीच गत झाली. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि होळकर यांनी त्याची रसद तोडली. एप्रिलात तो पनवेलला परतला तेव्हा चारशेहून अधिक माणसं मेलेली किंवा जखमी झालेली होती. त्याच साली ऑक्टोबरात तिकडे यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण गेला. इंग्रजांना आता सगळीकडेच दम लागला होता. हैदरअलीनं मद्रासकडे उच्छाद मांडला होता. अशा वेळी मराठ्यांनी आणखी थोडी कळ काढली असती तर, असं आपल्या मनात येतं. पण मराठेही दमले होते, आणि महादजींचं लक्ष उत्तरेकडे लागलं होतं.

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला महादजींच्या मध्यस्थीनं तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला, त्यांना ठराविक तनखा मिळाला. वसई मराठ्यांना परत. आणि साष्टी, घारापुरी, करंजा आणि त्याला लागून असलेलं एक छोटं बेट, एवढं इंग्रजांकडे कायम. नानांना तो तह पसंत नव्हता. त्यांनी मंजुरी देण्यात डिसेंबरपर्यंत वेळ काढला, पण दिली.

मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. वडगावला जिंकली ती फौज, आणि करंजाला बसलं होतं ते ठाणं. फौज जिंकून आपापल्या मुलखात निघून गेली. ठाणं हललं नाही. समुद्रावर पेशव्यांची ताकद उरली नव्हती. आंग्र्यांचं आरमार मोडायला १७५६ साली पेशव्यांनीच इंग्रजांना मदत केली होती. त्यामुळे खाडीपलीकडचं हे बेट पुण्याहून कितीही परत मागितलं तरी तिथं जाऊन घ्यायला होडी नव्हती. घाटावरच्या लढाईत बैलांनी आणि गवतानं इंग्रजांना हरवलं. पण करंजाच्या चहूबाजूंना पाणी होतं, आणि पाण्याला आग लावता येत नाही.

१७७४ च्या डिसेंबरापासून १७८२ च्या डिसेंबरापर्यंत आठ वर्षांत या बेटाचे कागदोपत्री धनी किती वेळा बदलले ते मोजा. पेशवे, मग ताब्यानं इंग्रज, मग सुरतेच्या तहानं इंग्रज, वडगावच्या तहानं पुन्हा पेशवे, सालबाईनं पुन्हा इंग्रज. एवढ्या काळात द्रोणागिरीच्या पायथ्याशी मीठ पिकवणारा आगरी तिथंच होता. दर उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं, बांध सांभाळायचा, उन्हाळ्यात मीठ ओढायचं. त्या आठ वर्षांत मिठाचा कर कुणाच्या कारकुनानं घेतला, तेवढा एक बदल त्याला कळला असेल.